मँक्स नॉर्टन : गिअरिंग व गिअरबॉक्स

मँक्स नॉर्टन ही बर्मिंगहॅमच्या नॉर्टन कारखान्यात १९६२ पर्यंत बनलेली, ३५० व ५०० सीसीची, एका सिलिंडरची शर्यती मोटरसायकल. माइक हेलवुडने १९६१ ची सीनियर टीटी शर्यत हिच्यावर जिंकली. १९६९ मध्ये ओपातियाची युगोस्लाव्ह ग्रांप्री गॉडफ्रे नॅशने जिंकली तीही हिच्यावरच. अभिजात गाड्यांच्या शर्यतींत मूळ मँक्स आणि नव्याने घडवलेल्या प्रतिकृती आजही धावतात. त्यांचे गिअरिंग कसे ठरवावे, हा त्या क्षेत्रातला नित्याचा प्रश्न आहे.

मँक्सची गिअरपेटी इंजिनापासून वेगळी, चार गिअरची आणि ‘क्लोज रेशो’ म्हणजे जवळजवळच्या गुणोत्तरांची असते. पहिला गिअर १.७८, दुसरा १.३३, तिसरा १.१० आणि चौथा १. चौथ्यात मुख्य दांडा थेट जोडला जातो, त्यामुळे दातांवर भार येत नाही. रस्त्यावरच्या नॉर्टन कमांडोची गुणोत्तरे २.५६, १.७०, १.२१ व १ अशी आहेत. फरक इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांत दिसतो. ७००० फेऱ्यांवर तिसऱ्यातून चौथा टाकला, तर मँक्सचे इंजिन सुमारे ६३६० वर उतरते, कमांडोच्या गुणोत्तरांत ५७९० पर्यंत. शर्यती कॅमचे इंजिन वरच्या दीड-दोन हजार फेऱ्यांतच खरी ताकद देते. त्याखाली गेले की नुसते घरघरते.

या जवळच्या गुणोत्तरांची किंमत पहिल्या गिअरमध्ये मोजावी लागते. एकूण गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाच्या फेऱ्या) टॉपला म्हणजे चौथ्याला ४.४ धरले आणि मागच्या चाकाचा घेर सुमारे २.०५ मीटर, तर ७००० फेऱ्यांवर पहिल्यातच ताशी ११० किमी होतात. आइल ऑफ मॅनच्या ‘गव्हर्नर्स ब्रिज’सारख्या चालीच्या वेगाने घ्यायच्या वळणावर मग क्लच घसरवत निघावे लागते. गाडी ढकलत सुरू करण्याच्या काळात मात्र असा उंच पहिला गिअर सोयीचाच होता, कारण खालच्या गिअरला मागचे चाक फिरण्याऐवजी घासत जाते.

निवड टॉपपासून सुरू करावी. सर्वांत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी इंजिन कमाल ताकदीच्या फेऱ्यांना नेमके पोहोचले पाहिजे. वरच्या हिशेबाने ४.४ वर ७००० फेऱ्यांना ताशी १९६ किमी होतात आणि ४.२ वर २०५. पण समोरून वारा असेल, तर ४.२ वरची गाडी तेवढ्या फेऱ्या घेतच नाही आणि प्रत्यक्षात ४.४ वाल्यापेक्षा हळू धावते. नवशिक्याची ठरलेली चूक हीच: कागदावरचा वेग पाहून गिअरिंग लांब ठेवणे. शंका असेल तेव्हा एक पायरी आखूड ठेवावी.

बदल स्प्रॉकेटने करतात. इंजिनाच्या २२ दातांच्या स्प्रॉकेटला एक दात वाढवला की गिअरिंग साडेचार टक्क्यांनी लांबते. मागच्या ५५ दातांच्या स्प्रॉकेटला एक दात वाढवला, तर उलट पावणेदोन टक्क्यांनी आखूड होते. मोठी उडी पुढे, बारीक जुळवाजुळव मागे. पुढचे स्प्रॉकेट बदलले की पेटी सरकवून प्रायमरी (इंजिन ते पेटी) चेन ताणायची, मग मागची. उलट क्रमाने केले, तर मागची पुन्हा ताणावी लागते. एकूण गुणोत्तर तेच ठेवून इंजिनाचे आणि मागचे, दोन्ही स्प्रॉकेट मोठे घेतले, तर पेटी जलद फिरते आणि तिच्या दातांवरचा ताण कमी होतो. हा फायदा बरेच जण विसरतात.

गिअर जास्त असले म्हणजे गाडी वेगवान, हा समज साठच्या दशकातील जपानी ५० सीसी गाड्यांमुळे पसरला. होंडाच्या १९६६ च्या आरसी ११६ ला नऊ आणि सुझुकीच्या १९६७ च्या आरके ६७ ला चौदा गिअर होते. त्या इंजिनांची ताकद फारच अरुंद पट्ट्यात एकवटलेली असल्याने ती निकड होती. १९६९ पासून या वर्गात एक सिलिंडर व जास्तीत जास्त सहा गिअर असा नियम आला. मँक्सच्या तुलनेने रुंद पट्ट्यात ताकद देणाऱ्या इंजिनाला मुळात चार पुरतात. क्वेफ वा न्यूझीलंडच्या टीटीआय या कंपन्यांची पाच-सहा गिअरची पेटी बसवल्यावर मुख्य लाभ हा, की पहिला गिअर खाली आणता येतो. वरचे तीन गिअर मूळच्या इतकेच जवळ राहतात, आणि हळू वळणे असलेल्या आखूड ट्रॅकवर त्याचा उपयोग होतो.

जुन्या बुलेटची चार गिअरची अल्बियन पेटी हाताळलेल्या मराठी वाचकाला मँक्सची मांडणी परकी वाटणार नाही: गिअर उजव्या पायाला, एक वर, तीन खाली. न्यूट्रल शोधण्याचा तो वेगळा खटका मात्र मँक्सला नाही.

पैसा मर्यादित असेल, तर आधी स्प्रॉकेटांचा पूर्ण संच घ्यावा, नवी पेटी नंतर. ती मागवण्यापूर्वी आपल्या क्लबच्या नियमांत किती गिअर चालतात हे पाहून घ्यावे. वर्गागणिक ही मर्यादा बदलते.