गरोदरपणातील रक्ततपासणी: रिपोर्टमधले आकडे कसे समजून घ्यावेत?

गरोदरपणात रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आधी नजर जाते ती ठळक छापलेल्या आकड्यांवर. हिमोग्लोबिन कमी, पांढऱ्या पेशी जास्त, प्लेटलेट्स थोड्या खाली. काही कुटुंबे घाबरतात, तर काही जण 'या दिवसांत रक्त कमी होतंच' म्हणून सोडून देतात. दोन्ही गोष्टी चुकीच्या ठरू शकतात. रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा बहुतेक वेळा गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी असते, हे आधी लक्षात घ्या.

रक्त पातळ का होते?

गर्भ आणि वार यांना पुरेसा रक्तपुरवठा व्हावा म्हणून आईच्या रक्तातील द्रव भाग (प्लाझ्मा) सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. तांबड्या पेशीही वाढतात, पण त्या मानाने कमी. त्यामुळे रक्त थोडे पातळ होते आणि हिमोग्लोबिनचा आकडा उतरतो. असा बदल प्राण्यांमध्येही दिसतो. प्रयोगशाळेतील सशाच्या मादीचा गर्भकाळ साधारण ३१ दिवसांचाच असतो, तरी गर्भारपणाच्या शेवटी तिचेही हिमोग्लोबिन आणि तांबड्या पेशी कमी होतात.

मग ॲनिमिया कधी म्हणायचा?

रक्त पातळ होणे आणि रक्त कमी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी, तर दुसऱ्या तिमाहीत १०.५ पेक्षा कमी असल्यास तो ॲनिमिया समजतात. ७ पेक्षा कमी असेल तर तो तीव्र ॲनिमिया. त्यावर लगेच उपचार हवेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील ५२ टक्के गर्भवतींना ॲनिमिया आढळला. ॲनिमियामुळे वेळेआधी प्रसूती आणि बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. प्रसूतीच्या वेळी होणारा रक्तस्रावही आईला सोसत नाही.

एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. तो कमी असेल तर केवळ 'रक्त पातळ झाले' असे म्हणता येत नाही. लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनर आहे का, हे तपासावे लागते.

इतर आकडे

पांढऱ्या पेशी: शेवटच्या महिन्यांत १५,००० पर्यंत आणि प्रसूतिकळांमध्ये त्याहून जास्त असू शकतात. ताप किंवा लघवीला जळजळ नसेल, तर केवळ या आकड्यावरून जंतुसंसर्ग ठरवत नाहीत.

प्लेटलेट्स: थोड्या कमी होणे सामान्य आहे. १ लाखाच्या खाली गेल्यास कारण शोधावे लागते.

ईएसआर आणि अल्कलाइन फॉस्फटेज: दोन्ही वाढतात. अल्कलाइन फॉस्फटेज वारेतूनही तयार होते.

क्रिएटिनिन: हे उलट कमी होते, साधारण ०.४ ते ०.८. म्हणून गरोदरपणात १.० हा आकडा रिपोर्टवर 'नॉर्मल' दिसला तरी डॉक्टरांना दाखवा.

काय करावे?

चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज घ्या आणि प्रसूतीनंतरही सहा महिने चालू ठेवा. गोळी लिंबूपाण्यासोबत घेतल्यास लोह चांगले शोषले जाते. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत ती घेऊ नका. शौच काळसर होणे अपेक्षित आहे, त्यासाठी गोळी बंद करू नका.

प्रत्येक तपासणीला जुने रिपोर्ट सोबत न्या. एका आकड्यापेक्षा तो कसा बदलत गेला, यावरून डॉक्टरांना जास्त कळते.

लगेच दवाखान्यात कधी जावे?

थोडे चालल्यावर धाप लागणे, छातीत धडधड, रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांसमोर अंधारी किंवा बरगड्यांखाली दुखणे यांपैकी काहीही जाणवल्यास रिपोर्टची वाट पाहू नका.