पट्टा पडल्यानंतरचा वैशाख : बीड जिल्हा आणि उन्हाळी विज्ञानवर्ग

वार्षिक परीक्षा आटोपल्यावर, एप्रिलच्या उत्तरार्धापासून जूनच्या मध्यापर्यंत शाळा बंद असताना, उच्च प्राथमिक आणि माध्यमिक इयत्तांच्या मुलामुलींना प्रयोग, निरीक्षण आणि मोजमाप यांची गोडी लावण्यासाठी भरवला जातो तो उन्हाळी विज्ञानवर्ग. या प्रथेने एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे मूल वर्षभर शाळेत असते आणि सुट्टीत मोकळे असते. बीड जिल्ह्यात हे गृहीतक हजारो मुलांच्या बाबतीत नेमके उलटे पडते, आणि म्हणून येथील उन्हाळी वर्गांचा इतिहास हा विज्ञानाच्या प्रसाराइतकाच दिनदर्शिकेचाही इतिहास आहे.

उन्हाळ्याचे दिवस ज्ञानाच्या कामी लावण्याची कल्पना मराठी समाजाला नवी नव्हती. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला हे तिचे सर्वांत जुने आणि टिकलेले रूप होय, आणि १९२८ पासून निघू लागलेल्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकाने विज्ञानविषयक मराठी वाचनाची सोयही करून दिली. बीड मात्र त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फर्मानामुळे (गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक) सभा-संमेलनांना आधी परवानगी घ्यावी लागे. शिवाय संस्थानातील उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. येथे एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठासाठी हैदराबादच्या भाषांतर विभागाने आधुनिक विज्ञानाचे ग्रंथ भारतीय भाषेत आणण्याचा जो उद्योग केला, त्याला त्या काळच्या हिंदुस्थानात फारशी तोड नव्हती. परंतु ती भाषा बीडच्या खेड्यातील मुलाच्या घरात बोलली जाणारी मराठी नव्हती, आणि त्यामुळे त्या पुस्तकांचा लाभ त्याच्यापर्यंत क्वचितच उतरला.

या कोंडीतून वाट काढली ती खासगी मराठी शाळांनी. तेव्हा मोमिनाबाद म्हटल्या जाणाऱ्या अंबाजोगाईत १९१७ साली योगेश्वरी शिक्षणसंस्थेचा पाया घातला गेला आणि १९३०च्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ यांनी तेथील शाळेची धुरा वाहिली. अंबाजोगाईला पुढे ‘मराठवाड्याचे पुणे’ म्हणण्याची जी रीत पडली तिचे मूळ येथे आहे. या शाळांपुढचा पहिला प्रश्न मात्र शाळा चालू ठेवण्याचा होता. सुट्टीतील जादा वर्ग ही चैन त्यांना परवडणारी नव्हती.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. देशभर उन्हाळी विज्ञानशिक्षणाची लाट आली ती यानंतर थोड्याच वर्षांनी. १९६३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने अमेरिकी साहाय्याने शिक्षकांसाठी ‘समर इन्स्टिट्यूट’, म्हणजे सुट्टीतील काही आठवड्यांची प्रशिक्षण शिबिरे, सुरू केली. त्याच सुमारास राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने विज्ञान प्रज्ञाशोध परीक्षा घेण्यास आरंभ केला, आणि तिच्यातून निवडलेल्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी शाळा भरू लागल्या. ही परीक्षा भारतीय भाषांतून देण्याची मुभा १९७६च्या फेररचनेनंतर मिळाली, तोवर मराठी माध्यमाच्या मुलाला ती दारे जवळजवळ बंदच होती. आधी उर्दू आणि मग इंग्रजी, असा हा भाषेचा उंबरठा बीडच्या मुलापुढे दोनदा आला, आणि दुसऱ्या वेळी तर तो स्वतंत्र भारताच्या सरकारने घातलेला होता.

भाषा हाच अडसर आहे हे प्रत्यक्ष कामातून दाखवून दिले ते १९७४ साली मुंबईत स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखालील या केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या ग्रामीण माध्यमिक शाळांत काम केले, आणि पाठ्यपुस्तकातील संस्कृतप्रचुर परिभाषा सोपी केल्यास मुलांचे आकलन लक्षणीय वाढते असे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद गावोगावच्या विभागांतून हेच काम वेगळ्या वाटेने करत होती. १९८१ पासून सहावी आणि नववीच्या मुलांसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू झाली, आणि १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरू लागली, जिच्यात मुलांनी आपल्याच परिसरातील प्रश्न निवडून त्यावर प्रकल्प करावा अशी अपेक्षा असते. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेने शाळकरी मुलांना सुट्टीत आठवडाभर शास्त्रज्ञांच्या सहवासात ठेवण्याचा जो प्रघात पाडला, तो या सर्वांत अधिक मुक्त होता, कारण त्याला ठरीव अभ्यासक्रमच नव्हता. मात्र त्याचा लाभ पुण्यातल्या शाळांपुरता राहिला. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने बीडशेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हराळी येथे काम उभे केले, तसे तिचे केंद्र अंबाजोगाईतही चालते, आणि मराठवाड्यातच राहून प्रयोगशील शिक्षण देण्याची सोय तेथून आकाराला आली.

याच दशकांत ‘उन्हाळी वर्ग’ या शब्दाचा अर्थ बाजारात निराळाच होत गेला. शेजारच्या लातुरात राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’ नावारूपाला आला. वारंवार चाचण्या, जादा तास आणि अभ्यासक्रम लवकर संपवून उजळणीला वेळ ठेवणे ही त्याची सूत्रे होती. नववीची परीक्षा संपताच दहावीचे विज्ञान-गणित सुरू करणारी ‘व्हेकेशन बॅच’ हे त्याचेच धाकटे भावंड म्हणता येईल. डॉक्टर-इंजिनिअर होणे हाच दुष्काळी शेतीतून सुटण्याचा मार्ग आहे असे मानणाऱ्या पालकांच्या दृष्टीने ही बॅच अगदी तर्कसंगत आहे, आणि तिला नाके मुरडणे सोपे असले तरी अन्याय्य आहे. एवढे मात्र खरे की पुढच्या इयत्तेची उत्तरे आधीच पाठ करून घेणाऱ्या वर्गात प्रश्न विचारायला सवड उरत नाही.

तथापि बीडचा खरा पेच या बॅचच्या बाहेर आहे. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार अशा बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जातात. या व्यवसायात पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि एकट्या मजुराला ‘अर्धा कोयता’. गाळप हंगाम संपला की ‘पट्टा पडला’ असे म्हणण्याची रीत आहे, आणि तो पडून टोळ्या गावी परततात तेव्हा फाल्गुन किंवा चैत्र उजाडलेला असतो, म्हणजे शाळेचे वर्ष हाती उरलेले नसते. या कुटुंबांतील मुलांसाठी आधी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या आणि नंतर गावातच हंगामी वसतिगृहे सुरू झाली, ज्यांत आई-वडील फडात असताना मूल गावच्या शाळेत टिकावे अशी कल्पना होती. या दोन्ही सोयी हंगामाला बांधलेल्या आहेत. पट्टा पडताच वसतिगृह मिटते, त्यामागोमाग शाळेलाही सुट्टी लागते, आणि ज्या महिन्यांत मूल व आई-वडील एकाच गावात असतात नेमक्या त्याच महिन्यांत शिकवणारे कोणी नसते.

शिवाय मे महिन्यात हे मूल घरी असते, पण रिकामे नसते. २०१२-१३ आणि २०१५-१६ या दुष्काळी वर्षांत जिल्ह्यातील कित्येक गावे टँकरवर जगली, आणि टँकरच्या पाइपाखाली घागर-कळशी धरण्यात मुलामुलींचे तासन्‌तास गेले. पाण्याची पातळी, बाष्पीभवन, खडकातील झिरप हे विषय त्यांच्यासमोर पुस्तकाआधीच उभे होते. आटलेल्या विहिरीच्या कठड्यावर उभ्या असलेल्या मुलाला बेसॉल्ट खडकात पाणी फक्त भेगा आणि सच्छिद्र थरांतच का साठते हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

उन्हाळाच शिकवू शकेल असा आणखी एक धडा येथे आहे. बीड जिल्हा स्थूलमानाने १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस, आणि त्या माध्यान्ही उभ्या काठीची सावली क्षणभर तिच्या बुंध्यात नाहीशी होते. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. जमिनीत लंब रोवलेल्या अशा काठीला जुन्या ज्योतिषात ‘शंकू’ असे नाव आहे, आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त ‘छायाव्यवहार’ या नावाने सावलीच्या गणिताचे स्वतंत्र प्रकरण आहे. भास्कराचार्यांनी आपले गाव म्हणून सांगितलेले विज्जडविड म्हणजे बीडच, असे मानणारी परंपरा जिल्ह्यात आहे; परंतु त्यांच्या नातवाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे असल्याने पुष्कळ अभ्यासकांचा कल खानदेशाकडे आहे. त्या वादाचा निकाल काहीही लागो, सावली मोजायला लागते ती एक सरळ काठी, दोरा आणि निरभ्र आकाश. जुलैअखेरच्या दुसऱ्या शून्य सावलीच्या दिवशी शाळा भरलेली असते, पण आकाश बहुधा ढगांनी झाकलेले असते; मेमध्ये आकाश लख्ख असते, ऊसतोडीहून परतलेले मूल गावात असते, आणि शाळेच्या फाटकाला कुलूप असते.