दिनविशेष : २७ एप्रिल
मेंढा गावाच्या हाती बांबूचा वाहतूक परवाना

२७ एप्रिल २०११. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या जेमतेम पाचशे वस्तीच्या गोंड गावात तेव्हाचे केंद्रीय वन व पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आले. त्यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीच्या परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे देण्यात आले. गावाचे नेते देवाजी तोफा यांनी ते स्वीकारले. आपल्या जंगलातला बांबू तोडून विकण्याचा अधिकार प्रत्यक्ष वापरणारे मेंढा हे देशातले पहिले गाव ठरले.

परवान्याचे पुस्तक हाती नसेल, तर बांबूने भरलेला ट्रक नाक्यावर अडतो आणि कायद्याने दिलेला हक्क कागदावरच राहतो. म्हणून हा दिवस मोठा. सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा कारभार सर्वसहमतीने निर्णय घेणारे छोटे गाव चालवू शकते, हे मेंढ्याने दाखवले. गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा पुढे याच वाटेने गेल्या. ग्रामसभेला केवळ सह्यांपुरती बैठक समजणाऱ्या प्रत्येक गावाने मेंढ्याचा हा धडा गिरवायला हवा.