छाटलेल्या झाडांची साक्ष

एपिंगच्या जंगलातलं बीचचं झाड पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, याला काहीतरी रोग झालाय. माणसाच्या डोक्याच्या थोडं वरपर्यंत एकच खोड, रुंद, गाठाळ, वरच्या टोकाला फुगलेलं. तिथून सहा-सात फांद्या सरळ आभाळाकडे निघालेल्या आणि त्यातली एकेक फांदी झाडाच्या बुंध्याएवढी जाड. लाउटन गावाच्या वरच्या अंगाला चढून हाय बीचकडे चालत निघालं की दोन्ही बाजूंना हीच झाडं लागतात. उतारावर बीच, सखल चिकण मातीत हॉर्नबीम, अधूनमधून ओक. अशी जुनी, छाटलेली झाडं या जंगलात पन्नास हजारांहून जास्त आहेत.

मी रोह्याकडची. आमच्या वरकस माळावरचे ऐन असेच दिसतात, राबासाठी, म्हणजे भाताचं रोप टाकायची जमीन भाजायला, टहाळ उतरवून उतरवून गाठाळलेले. त्यामुळे ही झाडं मला परकी वाटली नाहीत. यांच्यावर कोयता घेऊन पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी चढलेलं आहे, हे बघताक्षणी कळलं. आणि गेली कित्येक वर्षं वनहक्काच्या दाव्यांचं काम करत असल्यामुळे पुढचा प्रश्न लगेच मनात आला: कुणाच्या हक्कानं?

मुलगी त्या बाजूला राहते, म्हणून माझं तिथं जाणं होतं. लंडनच्या ईशान्य कडेपासून एपिंग गावापर्यंत सुमारे १९ किलोमीटर लांबीचा हा पट्टा आहे, क्षेत्र साधारण २,४०० हेक्टर. सेंट्रल लाइनच्या गाडीनं लाउटनला उतरायचं आणि चालायला लागायचं. कामाच्या दिवशी सकाळी आत शिरलं की पानांवर पडणाऱ्या आपल्याच पावलांचा आवाज तेवढा येतो. पण या शांततेत वस्तीच्या खुणा ठिकठिकाणी आहेत. लाउटन कॅम्प आणि ॲम्ब्रेसबरी बँक्स हे दोन मातीचे कोट लोहयुगातले, दोन हजार वर्षांहून जुने. आज त्यांच्या तटांवर बीचची मुळं पसरली आहेत. चिंगफर्डला आठव्या हेन्रीसाठी १५४३ मध्ये बांधलेला लाकडी मनोरा आहे, त्यावर उभं राहून शिकार बघायची. पश्चिमेला खाली वॉल्थम ॲबी हे मठाचं गाव.

बाराव्या शतकापासून हे राजाचं जंगल. इथे आपल्या वाचकाची फसगत होऊ शकते, कारण राजाचं जंगल म्हटलं की जमीन राजाची असं आपण धरून चालतो. एपिंगमध्ये राजाचा हक्क मुख्यतः हरणांवर होता. जमीन त्या त्या गावच्या जमीनदाराची. आणि चराई व सरपण या गोष्टी भोवतालच्या रयतेच्या. एकाच जमिनीवर असे तीन थर हक्क, आणि एका थरानं दुसऱ्याला गिळायचं नाही. १२१७ मध्ये तिसऱ्या हेन्रीच्या नावानं निघालेल्या वनसनदेत जंगलात राहणाऱ्यांच्या अशा रिवाजांना लेखी आधार मिळाला. एपिंगच्या चराईची तर आणखी एक खासियत होती. एका गावची गुरं फक्त त्या गावच्या हद्दीतच चरायची असं नव्हतं, ती अख्ख्या जंगलात कुठेही चरू शकत. म्हणून प्रत्येक गावाची ठरलेली खूण गुरांवर डागली जाई. ही खूण पुढे फार मोठं काम करून गेली.

लाकडाचा रिवाज लाउटनमध्ये सगळ्यात जिवंत होता. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून २३ एप्रिलपर्यंत गावकऱ्यांनी फांद्या छाटायच्या आणि सरपण म्हणून न्यायच्या. छाटायचं ते डोक्याच्या वर, म्हणजे कोवळे धुमारे गुरांच्या आणि हरणांच्या तोंडी लागत नाहीत. काही वर्षांनी फांद्या पुन्हा जाड झाल्या की पुन्हा छाटायच्या. बुंध्याला हात लावायचा नाही. बुंधा जमीनदाराचा, फांदी गावाची. असं झाड मरत नाही, उलट न छाटलेल्या झाडापेक्षा जास्त जगतं, कारण वरचा भार हलका राहतो आणि वाऱ्यानं ते उन्मळत नाही. मध्यरात्रीच्या ठोक्याला पहिली फांदी पडली नाही तर हक्क बुडतो, अशी गावाची ठाम समजूत होती. म्हणून त्या रात्री स्टेपल्स हिलवर शेकोटी पेटवून लोक जमत आणि बाराला कुऱ्हाड चालवत. जमीनदारानं एका वर्षी सगळ्यांना दारू पाजून रात्र टाळायचा डाव केला, पण एक म्हातारा निसटला आणि वेळेवर फांदी तोडून आला, अशी गोष्ट सांगितली जाते. खरी असो वा नसो, हक्क वापरला नाही तर जातो हे त्या गावाला कळलेलं होतं, एवढं तिच्यातून नक्की दिसतं.

जंगलाच्या दक्षिण टोकाला वॉनस्टेड आहे, आणि मराठी माणसानं तिथं थोडं थांबावं. पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर झालेल्या सर जोसाया चाइल्डनं १६७३ मध्ये ही जहागीर घेतली, अक्रोडाच्या रांगा लावल्या, तळी खोदली. याच चाइल्डनं कंपनीला मोगलांशी युद्धात उतरवलं आणि त्यापायी १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतनं मुंबईला वेढा घातला. त्याच्या वारसांनी बांधलेला वॉनस्टेडचा प्रचंड वाडा पुढे कर्जापायी एकोणिसाव्या शतकात पाडून विकला गेला. ते उद्यान आज एपिंगच्या जंगलाचाच भाग आहे.

खरं संकट आलं १८५० नंतर. लंडन वाढत होतं, जमिनीला भाव आला होता, आणि हरणांच्या हक्काचं सरकारला काही उरलं नव्हतं. शेजारचं हेनॉल्टचं जंगल १८५१ मध्ये कायदा करून मोडलं आणि बघता बघता त्यातली झाडं उपटून तिथं शेतं आखली. एपिंगमध्ये सरकारनं आपला हक्क जमीनदारांना स्वस्तात विकायला काढला. तीन थरांतला वरचा थर गेला, तसं मधल्यानं खालच्याला गिळायला घेतलं. कुंपणं पडू लागली. लाउटनचा जमीनदार रेव्हरंड जॉन व्हिटेकर मेटलंड हा गावच्या चर्चचा धर्मगुरूही होता. त्यानं १८६५ च्या सुमारास गावच्या हद्दीतलं हजार एकरांहून जास्त जंगल कुंपणाआड घेतलं.

टॉमस विलिंगेल हा लाउटनचा मजूर, वयानं म्हातारा. कुंपण पडल्यावरही नोव्हेंबरात त्याच्या घरचे लोक आत जाऊन फांद्या छाटत राहिले. १८६६ मध्ये त्यातल्या तिघांना सात दिवसांचा तुरुंगवास झाला. आमच्याकडे असल्या खटल्यांचे कागद मी वाचलेत, आणि बहुतेक तिथेच गोष्ट संपते. विलिंगेलच्या बाबतीत ती संपली नाही, कारण १८६५ मध्येच लंडनमध्ये सामायिक जमिनी वाचवण्यासाठी एक संस्था निघाली होती. जॉर्ज शॉ-लफेव्हर तिचे प्रवर्तक, जॉन स्टुअर्ट मिल तिच्या पाठीराख्यांत. रॉबर्ट हंटर हा तरुण वकील पुढे तिचा कायद्याचा कणा झाला, आणि १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट स्थापणाऱ्या तिघांपैकी तो एक. या संस्थेनं विलिंगेलला दावा लावायला पाठबळ दिलं. निकाल लागण्याआधीच, १८७० मध्ये विलिंगेल वारला आणि दावा त्याच्याबरोबर गेला.

पण आता प्रकरण गावापुरतं राहिलं नव्हतं. ८ जुलै १८७१ रोजी पूर्व लंडनचे हजारो कामगार वॉनस्टेडच्या मैदानावर जमले आणि त्यांनी कुंपणं मोडली. त्याच वर्षी लंडन शहराच्या कॉर्पोरेशननं जमीनदारांवर दावा ठोकला. कॉर्पोरेशनला अधिकार काय? तर जंगलालगत ऑल्डर्सब्रुक इथं तिची एक शेतजमीन होती, कबरस्तानासाठी घेतलेली. त्या शेतामुळे तिला गुरं चारायचा हक्क होता, आणि गुरं अख्ख्या जंगलात चरू शकत असल्यामुळे अख्ख्या जंगलातल्या कुंपणांवर तिला आक्षेप घेता आला. जुने दस्त, वनन्यायालयांच्या नोंदी, डागलेल्या गुरांच्या परंपरा, म्हाताऱ्यांच्या जबान्या असा ढीग हंटर आणि सहकाऱ्यांनी उभा केला. नोव्हेंबर १८७४ मध्ये सर जॉर्ज जेसल यांनी निकाल दिला: १८५१ नंतरची कुंपणं बेकायदा. वकिलीच्या इतक्या वर्षांत मला इतका सुंदर दावा दुसरा माहीत नाही.

१८७८ मध्ये एपिंग फॉरेस्ट ॲक्ट झाला. जंगल कॉर्पोरेशनच्या ताब्यात, कायम उघडं, लोकांच्या विहारासाठी. ६ मे १८८२ रोजी राणी व्हिक्टोरिया हाय बीचला आली आणि जंगल जनतेला अर्पण केलं. मात्र याच कायद्यानं फांद्या छाटण्याचा हक्क संपवला. ज्या हक्कासाठी माणसं तुरुंगात गेली, तोच विकत घेऊन बंद केला. नोव्हेंबर १८७९ मध्ये हजारो लोक मशाली घेऊन निघाले आणि शेवटची छाटणी केली. भरपाईची रक्कम ७,००० पौंड ठरली आणि त्या पैशांतून लाउटनच्या हमरस्त्यावर लॉपिंग हॉल हे सभागृह उभं राहिलं, १८८४ मध्ये. दारावर टेराकोटात छाटणी करणारी माणसं कोरली आहेत.

या कायद्याखालचे वाद मिटवायला लवाद नेमला होता सर आर्थर हॉब्हाउस यांना. हे नाव वाचून मी चमकले. १८७२ ते १८७७ हे गृहस्थ कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या मंडळाचे कायदा सदस्य होते. त्याच काळात तिथं भारतीय वनकायद्याची तयारी चालली होती, आणि ते परतल्यावर, १८७८ सालीच, तो मंजूर झाला. एकच साल, एकच साम्राज्य. पण इंग्लंडमध्ये जमीनदाराचं कुंपण कायदेशीर आहे की नाही, हे कोर्टात तपासलं गेलं. आमच्याकडे सरकारनं जाहीरनामा काढायचा, किमान तीन महिन्यांची मुदत द्यायची, आणि त्या मुदतीत ज्यानं दावा मांडला नाही त्याचा हक्क नाहीसा. सुधागडच्या डोंगरातल्या ठाकराला, कातकऱ्याला हा जाहीरनामा कोण वाचून दाखवणार होतं?

पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याच वर्षी याविरुद्ध अर्ज केला होता. गावकऱ्यांना विश्वासात घ्या, झाडं लावणाऱ्याला बक्षीस द्या, जंगल अधिक चांगलं राखलं जाईल, असं तिचं म्हणणं. जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याचा असूड लिहिताना जंगलखात्यानं गरिबाची चराई आणि सरपण कसं तोडलं, ते मांडलं. ठाणे-कुलाब्यातली ओरड इतकी वाढली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. त्यातला मोठा प्रश्न कोणता, तर राबाचा. म्हणजे झाडाची फांदी कुणाची, हाच.

एपिंगला छाटणी थांबल्याचं पुढे काय झालं, ते आज डोळ्यांनी दिसतं. फांद्या वाढत गेल्या, वर छत दाट झालं, खाली ऊन पोचेना. झाडोऱ्यातली फुलं, झुडपं गेली. जड फांद्यांनी जुनी खोडं मधून फाटू लागली. गुरं कमी झाली तशी मोकळी माळरानं बर्चनं गिळली. कायद्याला जंगलाचं नैसर्गिक रूप राखायचं होतं, पण ते रूप कोयत्यानं घडवलेलं होतं. जंगलाच्या कडेला वाढलेला कवी-कारागीर विल्यम मॉरिस १८९५ मध्ये तावातावानं लिहीत होता, ते हॉर्नबीमच्या तोडीविरुद्ध. या झाडांसारखी झाडं दुसरीकडे नाहीत, तज्ज्ञांच्या हाती हे सोपवू नका, असं त्याचं सांगणं. मला त्याचं पटतं. अलीकडच्या दशकांत व्यवस्थापनानं काही भागांत छाटणी पुन्हा सुरू केली आहे आणि लाँगहॉर्न जातीच्या गाईही चरायला आणल्या आहेत. जंगल वाचलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्यांनी ते घडवलं त्यांना बाहेर काढून ते वाचवणं हा अर्धाच न्याय होता.

आमच्या भागातले सामूहिक वनहक्काचे कितीतरी दावे आजही पुराव्याअभावी अडकलेले मी पाहते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत, दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांनी दिलेली आणि लिहून घेतलेली जबानी पुरावा म्हणून चालते. तुमच्या गावात राबासाठी ऐनावर चढलेली म्हातारी माणसं असतील तर या उन्हाळ्यातच त्यांच्याजवळ बसा. कोणत्या माळावर, कोणत्या महिन्यात, किती पिढ्या टहाळ तोडला, हे त्यांच्या शब्दांत लिहून घ्या, त्यांचा अंगठा घ्या आणि तो कागद ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्या.