प्रॉडक्ट अ‍ॅनालिस्टची मुलाखत : काय विचारतात?

मंडळी, मंडळाच्या कार्यक्रमांत हा प्रश्न हल्ली वरचेवर निघतो, म्हणून हा लेखप्रपंच. विचारणारे मुख्यतः दोन प्रकारचे: नोकरी गेलेले एच-१बीवाले, आणि एच-४ ईएडीवर (ही सोय २०१५ पासून आहे) पुन्हा काम सुरू करू पाहणाऱ्या भगिनी.

पहिल्यांची अडचण वेळेची. २०१७ पासूनच्या नियमानुसार नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आय-९४ ची मुदत आधी संपत असेल तर त्याहून कमी. नव्या कंपनीने तुमचा अर्ज या मुदतीत दाखल करायला हवा. मुलाखतींच्या फेऱ्यांतच महिना-दीड महिना सहज जातो, तेव्हा पहिल्या आठवड्यातच शोध सुरू करावा.

सुरुवात रिक्रूटरच्या फोनने होते. व्हिसा स्पॉन्सरशिप लागेल का, हे विचारतातच. सरळ उत्तर द्यावे. कॅलिफोर्नियात मागचा पगार विचारायला २०१८ पासून बंदी आहे आणि २०२३ पासून १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना जाहिरातीतच पगाराची रेंज द्यावी लागते. ती आधी बघून ठेवा.

मग एसक्यूएल. इथे आपण इंजिनियर मंडळी फारशी अडत नाही. तरी एक नेहमीचा सापळा: लेफ्ट जॉइन करून उजव्या टेबलावरची अट व्हेअरमध्ये घातली, की ऑर्डर नसलेले ग्राहक यादीतून गळतात. 'शून्य ऑर्डरवाल्यांसकट' असे विचारले असेल तर उत्तर चुकले. अट ऑनमध्ये घालावी.

खरी कसोटी केसची. "काल आपल्या अ‍ॅपवरच्या ऑर्डर १० टक्क्यांनी घटल्या. का?" आपल्याकडे प्रश्न आला की लगेच उत्तर द्यायची शाळेपासूनची सवय! इथे आधी उलट प्रश्न विचारणे अपेक्षित असते. घट कशाच्या तुलनेत? काल थँक्सगिव्हिंग होता का? नोंदी घेणारी यंत्रणा तर बिघडली नाही? मग आयफोन-अँड्रॉइड, नवे-जुने ग्राहक अशी फोड करायची आणि ग्राहक नेमके कोणत्या पायरीवर अडताहेत ते शोधायचे. तुम्ही विचार कसा करता हे त्यांना ऐकायचे असते, म्हणून मोठ्याने बोला. ए/बी टेस्टबद्दलही विचारतात: सँपल किती हवे हे आधी ठरवावे, रोज डोकावून आकडा अनुकूल दिसताच टेस्ट थांबवू नये, एवढे तरी पक्के हवे.

शेवटी वागणुकीचे प्रश्न. आपण 'आम्ही केले' म्हणतो (हा लेखही तसाच!), पण समोरच्याला तुम्ही स्वतः काय केलेत हे कळत नाही. इथे 'मी' म्हणायला लाजू नका. मध्ये काही वर्षे घरी असाल तर ते एका वाक्यात सांगून कामाकडे वळा.

"तुम्हाला काही विचारायचे आहे का?" याला 'नाही' म्हणू नये. अ‍ॅनालिस्टच्या आकड्यांमुळे गेल्या वर्षात कोणता निर्णय बदलला, हे विचारावे. उत्तरावरून त्या टीममध्ये अ‍ॅनालिस्टचे किती ऐकतात ते कळते. आभाराची ईमेल त्याच दिवशी पाठवा.