मंडालेची टपाल

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती. आधी साबरमती, मग सप्टेंबरात ब्रह्मदेशातले मंडाले. काळे पाणी जाऊन साधी कैद झाली. इथपर्यंतची हकीकत शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यानंतरची सहा वर्षे मात्र आपण ‘गीतारहस्य’ या एका शब्दात उरकतो. पण टिळकांच्या पुण्यातल्या घराला, गायकवाड वाड्याला, ती सहा वर्षे कशी गेली? तुरुंगातल्या माणसाचा संसार, दावे, मुलांच्या शाळा आणि औषधपाणी कोणी कसे सांभाळले?

याचा माग काढायला कागद आहेत. सर्वांत मोलाची म्हणजे टिळकांनी मंडालेहून आपले भाचे धोंडोपंत विद्वांस यांना लिहिलेली पत्रे. ती जपली गेली आणि पुढे छापलीही गेली. दुसरा पुरावा खुद्द ‘गीतारहस्या’च्या प्रस्तावनेचा. तिसरा वासुदेवराव कुलकर्णी या कैद्याच्या आठवणींचा. त्याला टिळकांचा स्वयंपाकी म्हणून त्यांच्याजवळ ठेवले होते. चौथे साधन सुभाषचंद्र बोस यांचे. तेही पुढे मंडालेतच बंदी होते आणि तिथून १९२५ मध्ये त्यांनी टिळकांचे सहकारी न. चिं. केळकर यांना टिळकांच्या कैदेविषयी सविस्तर पत्र लिहिले.

ही पत्रे वाचताना एक पथ्य पाळावे लागते. प्रत्येक पत्र अधिकाऱ्याच्या नजरेखालून जाणार, हे लिहिणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही माहीत होते. राजकारणाला तिथे मज्जाव होता. त्यामुळे ‘टिळकांच्या मनात त्या वेळी काय चालले होते’ हे या पत्रांवरून ठामपणे सांगणाऱ्या चरित्रकाराकडे मी जरा संशयानेच पाहतो. जे लिहू देत होते तेवढेच पत्रांत आहे: पुस्तके, प्रकृती, मुलांचे शिक्षण, पैसा आणि कज्जे. ताईमहाराज प्रकरण, म्हणजे त्यांच्या दत्तकविधानावरून टिळक गुंतलेला जुना दावा, टिळक तुरुंगात असतानाही चालूच होते, आणि त्याबाबतच्या सूचना त्यांनी भाच्याला पत्रांतून दिल्या. जवळच्या माणसाला लिहिलेले पत्र वकिलाच्या टिपणासारखे दिसावे, हे पहिल्या वाचनात खटकते. दुसऱ्या वाचनात कळते की मामाने भाच्यावर टाकलेला सगळा विश्वास त्या रुक्ष सूचनांतच आहे.

पुस्तकांचा विषय मोठा. सरकारच्या परवानगीने पुण्याहून ग्रंथ मागवता आले, असे टिळकांनी प्रस्तावनेत नोंदवले आहे. सहा वर्षांत त्यांच्या कोठडीत सुमारे चारशे पुस्तके जमली. संस्कृत भाष्ये, कांट, मिल, स्पेन्सर, ग्रीन. शिवाय जर्मन आणि फ्रेंच शिकण्याची साधने. यातले प्रत्येक पुस्तक कोणीतरी पुण्यात शोधले, बांधले, रवाना केले, आणि तिकडे कोणीतरी ते आक्षेपार्ह नाही ना हे तपासले. लिहायला शाई नव्हती, शिसपेन होती. सुटे कागद नव्हते, बांधलेल्या वह्या होत्या. १९१०-११ च्या हिवाळ्यात, कार्तिक ते फाल्गुन, त्या वह्यांत ‘गीतारहस्या’चा खर्डा उतरला. मार्च १९११ च्या पत्रात टिळकांनी भाच्याला ही बातमी कळवली. ग्रंथाचे नाव, त्यातला विषय आणि छापील पानांचा अंदाजही त्यात दिला. म्हणजे या ग्रंथाची पहिली जाहिरात ‘केसरी’त नव्हे, तर घरच्या पत्रात झाली.

मधुमेहामुळे गहू-तांदूळ बंद करून टिळक सातूवर आले होते. करून घालायला कुलकर्णी होता. रोज बोलायला माणूस म्हटला तर तोच. बोस यांनी याच एकांतावर बोट ठेवले आहे. लाकडी फळ्यांची ती बराक ऊन, थंडी, पाऊस, धूळ काहीच अडवत नव्हती, असे ते स्वानुभवाने लिहितात. पुढे ते म्हणतात की टिळकांना वर्तमानपत्रे मिळत नसत, आणि सगळ्या मुदतीत दोन-तीनच भेटी मिळाल्या, त्याही पोलीस व तुरुंगाधिकाऱ्यांच्या समोर. बराकीचे वर्णन मी जसेच्या तसे स्वीकारतो, कारण बोस स्वतः तिथे राहत होते. भेटींचा आकडा मात्र अकरा वर्षांनंतरच्या ऐकीव माहितीचा आहे, म्हणून तो अंदाज समजावा. एक भेट नक्की सांगता येते. टिळकांच्या अपिलासाठी इंग्लंडला गेलेले दादासाहेब खापर्डे परतताना मुद्दाम ब्रह्मदेशमार्गे आले आणि ऑक्टोबर १९१० मध्ये मंडालेत त्यांना भेटले. दोन वर्षे विलायतेत खटपट करून हाती काही न लागलेला मित्र त्या पहाऱ्यात काय बोलला असेल!

बाहेरच्या माणसांना सुटकेची घाई असते. टिळकांच्या माणसांनाही होती. काही अटी मान्य केल्या तर सुटका होईल, असा विचार पुढे आला तेव्हा टिळकांनी पत्रातूनच नकार कळवला. आशय असा, की आपले वय आणि प्रकृती पाहता पुढे फार वर्षे उरलेली नाहीत, आणि तीही अटींखाली काढायची तर ते जिवंतपणी मेल्यासारखेच. घरच्यांच्या आशेवर असे पाणी ओतणारे पत्र लिहिणे सोपे नव्हते. आणि ते हाती पडल्यावर घरात वाचून दाखवणे तर त्याहून अवघड.

७ जून १९१२ रोजी पुण्यात टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या. मंडालेला तार गेली. त्यानंतरचे टिळकांचे पत्र हा या साऱ्या संग्रहातला सर्वांत मोकळा कागद. संकटे शांतपणे सोसायची आपल्याला सवय आहे, पण हा धक्का मोठा होता, अशी कबुली त्यांनी त्यात दिली. सौभाग्यवती जाणे आपल्याकडे वाईट मानत नाहीत, हेही ते लिहितात. सल आहे तो अखेरच्या वेळी जवळ नसल्याचा. याची भीती वाटतच होती, असे एक वाक्य त्यात येते. मला ते फार महत्त्वाचे वाटते. पत्नीची प्रकृती कळत राहून काहीच करता येत नव्हते, तो काळ किती लांब होता, हे त्यातून कळते. मग दोन-चार ओळींत शोक आवरून सूचना सुरू. तिच्या वस्तू नीट जपून ठेवा. रामभाऊ आणि बापू या मुलांचे शिक्षण बिघडू देऊ नका. त्यांना सांगा, मी यांच्याहून लहान वयात पोरका झालो होतो. हे अगदी काटेकोर धरले तर थोडे घासून पाहावे लागेल: आई गेली तेव्हा टिळक दहा वर्षांचे होते, वडील गेले तेव्हा सोळा, आणि श्रीधरपंत ऊर्फ बापू त्या वेळी जेमतेम तेवढेच होते. पण तारीखवार हिशेब करायला ते पत्र लिहिलेले नाही. एका बापाला मुलांच्या पाठीवर हात ठेवायचा होता, आणि त्यासाठी भाच्याचाच हात होता.

१६ जून १९१४ च्या मध्यरात्री सरकारने टिळकांना गुपचूप पुण्यात आणून वाड्यावर सोडले. हस्तलिखिताच्या वह्या सरकारकडेच राहिल्या होत्या, त्या मागाहून परत मिळाल्या. ग्रंथ जून १९१५ मध्ये निघाला. त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलने ताईमहाराज प्रकरणात टिळकांच्या बाजूने निकाल दिला.