निसर्ग वादळ आणि मुळशीची वीज

श्रींच्या कृपेने आणि लहानथोर ग्रामस्थांच्या परिश्रमाने आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार तडीस गेला, ही मोठ्या समाधानाची गोष्ट होय. मंदिराचा इतिहास जाणकार मंडळी सांगतीलच. प्रस्तुत लेखात, आज गाभाऱ्यात ज्या विजेचा दिवा लागतो, त्या विजेची हकीकत थोडक्यात देण्याचे योजिले आहे.

विजेशी मुळशी तालुक्याचे नाते जुने आणि दुःखाचे आहे. मुळा व निळा या नद्यांचे पाणी अडवून मुंबईसाठी वीज काढण्याचे टाटा कंपनीने ठरविले, तेव्हा मावळ्यांच्या पिढीजात भातजमिनी जाणार हे उघड झाले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आदी पुढाऱ्यांनी तो चालविला. बायामाणसांनीही तुरुंगवास सोसला. तथापि धरण झालेच. सुमारे पन्नास गावांना त्याची झळ लागली. १९२७ साली घाटाखाली भिरा येथे वीजगृह सुरू झाले. आपल्या खोऱ्यातले पाणी बोगद्यातून व नळांतून कोकणात उतरू लागले आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या.

धरणाकाठच्या वाड्यांत मात्र रॉकेलची चिमणीच राहिली. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि त्यानंतरच्या काळात खेड्यापाड्यांत टप्प्याटप्प्याने खांब आले. म्हणजे ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरी दिवा लागायला पुढची पिढी उजाडावी लागली.

अशा या विजेवर ३ जून २०२० रोजी संकट आले. 'निसर्ग' चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. रायगड ओलांडून ते पुणे जिल्ह्यात शिरले. ताम्हिणीपलीकडे लगेच रायगडची हद्द असल्यामुळे घाटमाथ्यावरील गावांना त्याचा तडाखा बसणे क्रमप्राप्तच होते. घरांचे पत्रे उडाले, जुनी झाडे उन्मळून तारांवर पडली, खांब वाकले. वीज गेली तशी नळाच्या पाण्याची मोटार थांबली, पिठाची गिरण थांबली, मोबाइल मुके झाले. त्यातच ते करोनाचे दिवस. ठेकेदारांचे पुष्कळसे परप्रांतीय मजूर आपापल्या गावी परतलेले होते.

वीज यायला इतका उशीर का, असे त्या वेळी जो तो विचारीत होता. त्याचे उत्तर समजून घेण्याजोगे आहे. वीज प्रथम उपकेंद्रात येते, तेथून उच्चदाब वाहिनीने निघते, मग रोहित्रात, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो तेथे, तिचा दाब उतरतो आणि शेवटी लघुदाब तारेने ती घरात येते. वरची कडी जुळल्याशिवाय खालची जुळवून उपयोग नसतो. दवाखाने, पाणीपुरवठा व मोठी गावठाणे यांना अग्रक्रम मिळतो. साहजिकच डोंगराच्या टोकाची वाडी शेवटी राहते. शिवाय तार नुसती जोडून चालत नाही. लाइन बंद असल्याची खात्री करून, अर्थिंग लावून मगच वायरमन खांबावर चढतो. कोणाच्या घरातील जनित्राची वीज उलटी तारेत आली, तर त्याचा जीव जातो.

जेथे ट्रक पोचत नव्हता तेथे खांब माणसांनी खांद्यावर वाहिले. पावसाच्या चिखलात, कातळात खड्डे घेतले. महावितरणचे कर्मचारी आणि गावोगावचे तरुण बरोबरीने राबले. ज्या घरावरचे छप्पर उडाले होते, त्या घरचा मुलगाही दोर ओढायला होता.

हा प्रकार केवळ आपल्याकडचाच नव्हे. २०१७ साली अमेरिकेच्या अखत्यारीतील पोर्टो रिको बेटावर मारिया वादळ आले, तेव्हा तेथील अखेरच्या घरांत वीज पोचण्यास जवळजवळ अकरा महिने लागले. श्रीमंत देशाच्या छत्राखालीही डोंगरातला माणूसच शेवटी राहिला.

तालुक्याच्या कचेरीत नोकरी करीत असल्याने वादळानंतरचे पंचनाम्याचे कागद प्रस्तुत लेखकाच्या हातून गेले आहेत. त्यांत पडलेले घर, मेलेले जनावर, बुडालेले पीक यांना रकाना असतो. खांब वाहणाऱ्या खांद्याला रकाना नसतो. नुकसानीची नोंद दप्तरात राहते आणि कष्टाची नोंद माणसांबरोबर जाते. सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या कित्येक साध्या कुणब्यांची नावे अशीच विस्मरणात गेली.

म्हणून एक नम्र सूचना. मंदिराच्या देणगीदारांचा फलक लागेल तो योग्यच आहे. त्यासोबत, त्या पावसाळ्यात ज्यांनी खांब वाहिले त्यांची यादी वाडीवार करून देवस्थानच्या दप्तरी ठेवावी. ती माणसे आज आपल्यात आहेत, तोवरच हे काम होईल. तसेच दर वर्षी मृगापूर्वी तारांवर आलेल्या फांद्या महावितरणला कळवून, लाइन बंद करवून तोडून घ्याव्यात. पुढचे वादळ कधी येईल हे देवच जाणे. तयारी मात्र आपल्या हाती आहे.